हेड न उतरवताच हेडचे बिल: पांढऱ्या धुराच्या नावाखाली गेलेले 26,750 रुपये

इंदूरमध्ये ज्यांच्या पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, त्यांनी गाडी कोणाच्याही हाती सोपवण्यापूर्वी हे वाचावे. हेड म्हणजे इंजिनचे वरचे झाकण, आणि हेड गॅस्केट म्हणजे ते व खालचा भाग यांच्यामधली, गळती रोखणारी पातळ पट्टी. हे गॅस्केट बदलल्याचे सांगून माझ्याकडून 26,750 रुपये घेण्यात आले आणि प्रत्यक्षात हेडचा एक बोल्टही सैल केलेला नव्हता.

मी काहीच न कळणारा गिऱ्हाईक नव्हतो. थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ दिसणारा पांढरा धूर ही निव्वळ वाफ असते, कारण एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास तेवढेच पाणी तयार होते. निळा धूर ऑइलचा आणि काळा जादा इंधनाचा, हे मला ठाऊक होते. माझ्या गाडीचा धूर इंजिन पूर्ण तापल्यावरही थांबत नव्हता, त्याला गोडसर वास होता, आणि खाली एक थेंबही न गळता कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, टाकी रिकामी होत होती. कूलंट सिलिंडरमध्ये जाऊन जळत आहे, हे उघड होते. म्हणून रिंग रोडवरील त्या गॅरेजच्या मालकाने बॉनेट उघडताच "साहब, हेड उतरेगा" असे सांगितले, तेव्हा मला संशय आला नाही. त्याचे निदान बरोबरच होते. खऱ्या निदानाच्या आड खोटे काम लपवणे, हीच या लोकांची युक्ती आहे.

अंदाज 18,500 रुपयांचा दिला. 10,000 रुपये मी यूपीआयने आगाऊ भरले. मग फोन आला की हेडला तडा आहे, वेल्डिंग करावे लागेल. अंतिम बिल असे होते: गॅस्केट संच 3,850, फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणे) 2,400, प्रेशर टेस्टिंग 1,200, व्हॉल्व्ह सील 1,300, वेल्डिंग 5,000, कूलंट 1,500, ऑइल आणि फिल्टर 2,500, मजुरी 9,000. उरलेले 16,750 रुपये रोख मागितले आणि मी दिले. रोख देऊ नका. फेसिंग आणि वेल्डिंग बाहेरच्या खरादवाल्याकडे (लेथ मशीनवाल्याकडे) होते, त्याची वेगळी पावती मागा. माझ्या बिलाला ती जोडलेली नव्हती.

आता त्या क्षणाबद्दल, जो आठवला की अजूनही संताप अनावर होतो. जुना भाग परत मागावा हे मला माहीत होते, म्हणून मी तो मागितला. पोऱ्याने काजळीने माखलेले एक गॅस्केट आणून माझ्या हातात ठेवले. माझी गाडी 998 सीसीची, तीन सिलिंडरची आहे. तिच्या गॅस्केटला सिलिंडरची तीन मोठी भोके असतात. हातातल्या गॅस्केटला चार होती. ते मला लांबट वाटले, मी ते उलटसुलट करून पाहिलेही, पण त्याच वेळी मालक जळलेल्या जागेवर बोट ठेवून गॅस्केट कुठून फाटले ते समजावत होता, आणि मी त्याच्या बोटाकडे पाहत राहिलो. सहा लोक भोवती उभे असताना, गाडी सुरू होऊन धूर थांबलेला दिसत असताना, भोके मोजायला कोणाला सुचेल? ते गॅस्केट मी घरी आणले, हेच काय ते बरे झाले.

धूर थांबला होता, कारण रेडिएटरमध्ये गळती बंद करणारे रसायन ओतले होते. ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट उठला. गाडी ओढून इंदूरला आणायला 3,200 रुपये लागले. दुसऱ्या मेकॅनिकने आधी काहीही खोलले नाही. गाडी थंड झाल्यावर त्याने रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावली. इंजिन चालू होताच तो द्रव पिवळा पडला, म्हणजे जळालेला वायू कूलंटमध्ये येत होता. मग त्याने मला एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे, नट दाखवले. त्यांच्यावर जुना गंज तसाच होता, पान्याची एकही खूण नव्हती, आणि ते काढल्याशिवाय या गाडीचे हेड उतरत नाही. हेड माझ्यासमोर उतरवले, तेव्हा मधला पिस्टन वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ होता आणि त्याच्याच शेजारी गॅस्केट फाटलेले होते. हेडला तडा नव्हता. पाण्याच्या वाटांमध्ये त्या रसायनाचा तपकिरी गाळ बसला होता, हीटरची जाळी तुंबली होती. या खऱ्या दुरुस्तीचे 19,300 रुपये झाले. एकूण 49,250.

ठाण्यात गेलो, तर "तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत, ही दिवाणी बाब आहे" असे ऐकवले. न केलेल्या कामाचे पैसे खोटा भाग दाखवून उकळणे ही फसवणूक नाही, तर भारतीय न्याय संहितेचे कलम 318 कशासाठी आहे? चार भोकांचे गॅस्केट मी टेबलावर ठेवले. त्याच्याकडे पाहण्याचे कष्टही कोणी घेतले नाहीत. परिवहन कार्यालयाने गॅरेज आपल्या अखत्यारीत येत नाही म्हणून हात झटकले. सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर मला एकही प्रश्न न विचारता, गॅरेजवाल्याशी फोनवर बोलून, "समाधानकारक निराकरण" असा शेरा मारून ती बंद केली. समाधान कोणाचे झाले? पुन्हा उघडायला सांगितले, तर तांत्रिक अहवाल आणा म्हणाले. तो कोणत्या अधिकाऱ्याकडून आणायचा, हे मात्र त्यांनाही सांगता आले नाही. फसलेल्या माणसाने दारोदार कागद घेऊन फिरायचे आणि फसवणाऱ्याने दुकान उघडून बसायचे, ही व्यवस्था मला मान्य नाही.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. हे मला कोणत्याही कार्यालयाने सांगितले नाही. माझी तक्रार आता तिथे दाखल आहे: बिल, यूपीआयची नोंद, गंजलेल्या नटांची छायाचित्रे, दुसऱ्या मेकॅनिकचे लेखी म्हणणे आणि ते गॅस्केट. हेड उतरवायला सांगितले, तर काम सुरू होण्यापूर्वी मॅनिफोल्डच्या नटांचे छायाचित्र काढून ठेवा आणि उतरलेले हेड तिथे जाऊन स्वतः पाहा. त्याच गॅरेजात ज्यांचे हेड केवळ बिलात उतरले असेल, त्यांनी जुना भाग भंगारात टाकू नये. दोन वर्षांची मुदत अजून उरली असेल तर तक्रार करावी.