ब्रेझा सीएनजी की नेक्सॉन सीएनजी? आमच्या घरी सगळं डिकीवर येऊन अडलं

आधीच सांगतो, मारुतीची ब्रेझा आणि टाटाची नेक्सॉन यांची ही तुलना फक्त सीएनजीपुरती आहे. पेट्रोलची ब्रेझा आणि पेट्रोलची नेक्सॉन यांची तुलना वेगळी होते, आणि ऑटोमॅटिक पाहिजे असेल तर तुम्ही पेट्रोलकडेच बघा कारण मी बघितलं तेव्हा सीएनजीत दोन्हीकडे मॅन्युअलच होतं. टचस्क्रीन किती इंची, स्पीकर किती, सनरूफ केवढं हे सगळं तुम्ही एव्हाना दहा व्हिडिओंत बघितलं असणार, ते परत लिहीत बसत नाही. दोन्ही गाड्या ३९९५ मिमी, दोन्हींत आता सहा एअरबॅग स्टँडर्ड, पार्किंगला दोन्ही सारख्याच. मी नेक्सॉन घेतली. ब्रेझा मेहुण्याकडे आहे आणि तीही मी भरपूर चालवलीय, शहरात, हायवेला, घाटात, म्हणून दोन्हींबद्दल बोलायचं धाडस करतोय.

आमचा वापर काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर खालचं सगळं अधांतरी वाटेल. रोज चिंचवड ते खराडी आणि परत, आणि गणपती, शिमगा, मे महिना धरून देवगडच्या बाजूला गाव. गाडीत मी, बायको, मुलगा, आई आणि बऱ्याचदा काका. रोजच्या त्या पल्ल्यामुळे सीएनजी हे ठरलेलंच होतं, त्यावर घरात वाद नव्हताच.

पहिलं इंजिन. इथे ब्रेझा मला खरंच आवडते. दीड लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, टर्बो वगैरे काही नाही, सिग्नलला उभी असली तर चालू आहे की बंद असा प्रश्न पडावा इतकी शांत. बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये सेकंड गिअरवर रांगत राहते, कुरकुर नाही. नेक्सॉनचं १.२ टर्बो तीन सिलिंडरचं आहे, उभ्या गाडीत थोडी थरथर जाणवते, आणि अगदी कमी स्पीडला टर्बो जागा व्हायच्या आधी एक ढिला क्षण येतो, तिथे गिअर एक खाली घ्यावा लागतो. सवय होते, पण सवय करून घ्यावी लागते हेही खरंच. रोज फक्त हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्येच गाडी जाणार असेल तर या एका गोष्टीसाठी ब्रेझा घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

घाटात मात्र चित्र उलटं होतं. सीएनजीवर ब्रेझाची ताकद पेट्रोलच्या १०३ पीएसवरून ८८ च्या आसपास येते आणि टॉर्क १२१.५ एनएम, नेक्सॉन सीएनजीवरही १०० पीएस आणि १७० एनएम देते. कागदावर हे आकडे नुसते आकडे वाटतात, पण पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला पाच माणसं, एसी चालू, पुढे उसाचा ट्रॉलीवाला, अशा वेळी ब्रेझात मी हात आपोआप पेट्रोलच्या बटणाकडे नेतो आणि नेक्सॉनमध्ये नेत नाही. एवढाच फरक आहे, पण गगनबावड्याचा घाट उतरून गाव असलेल्या माणसाला तो परत येताना फार कळतो. ब्रेझा चढत नाही असं अजिबात नाही, चढते, फक्त तिला पिळावं लागतं.

मायलेजला ब्रेझा पुढे. कंपनीचे आकडे किलोला २५.५१ आणि २४ असे आहेत, प्रत्यक्षात दोघी त्याच्या खालीच राहतात, पण मेहुण्याचं आणि माझं बोलणं झालं की दरवेळी त्याचंच किलोमागे थोडं जास्त निघतं. टाकी त्याची ५५ लिटरची (पाण्याच्या मापाने, गॅस त्यात आठ-नऊ किलोच बसतो), माझ्या दोन मिळून ६०. म्हणजे एका फिलिंगमध्ये अंतर जवळजवळ सारखंच. गॅस भर दुपारी भरला तर दोन्हींत कमीच बसतो, त्यामुळे पहाटे नाहीतर रात्री जेवण झाल्यावर पंपावर जायची शिस्त दोन्ही घरांत लागलीय, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांना खाली उतरावं लागतं तेही दोन्हींत आलंच.

आता डिकी.

ब्रेझा सीएनजीची डिकी उघडली की समोर टाकी. मागच्या सीटच्या पाठीमागे आडवी, जवळजवळ पूर्ण रुंदीची. टाकीच्या पुढे जो पट्टा उरतो त्यात लॅपटॉपची बॅग, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, एखादी मऊ बॅग दाबून बसते. टाकीच्या वर पिशव्या ठेवता येतात पण त्या ब्रेक मारला की हलतात, आणि कडक ट्रॉली बॅग तर आडवी उभी कशीच बसत नाही. पेट्रोल ब्रेझाची डिकी ३२८ लिटरची आहे, चांगली आहे, ती सीएनजी घेताना बहुतेक सगळी जाते. हे काही लपवलेलं नाही, वर्षानुवर्षं बहुतेक सीएनजी गाड्या अशाच होत्या आणि आपण सगळे त्याला सरावलोय. टॅक्सीत सामान मांडीवर घेऊन बसलेलं माणूस कोणी पाहिलं नाही?

पण आमच्या आईला वॉकर लागतो. घडी घालून तो सपाट होतो, पण उंची आणि रुंदी राहतेच, आणि ब्रेझात तो टाकीसमोरच्या पट्ट्यात एकतर तिरका अडकवायचा, म्हणजे दुसरं काही जाणार नाही, नाहीतर मागच्या सीटवर माणसांच्या पायाशी. मेहुण्याची गाडी घेऊन आम्ही गावाला गेलो तेव्हा तो आई आणि काकांच्या मध्ये उभा होता, वरच्या दांड्याला टॉवेल गुंडाळून, म्हणजे वळणावर कोणाला लागू नये. कराडला चहाला थांबलो तर आधी वॉकर बाहेर काढायचा, मग काकांनी उतरायचं, मग आईला हात द्यायचा, आणि निघताना हेच उलट. प्रत्येक थांब्याला. सामान वर कॅरिअरला बांधलं होतं, ताडपत्री टाकून, कारण गणपतीला निघताना पाऊस असतोच. कॅरिअर लावलं की वाऱ्याचा आवाज वाढतो, मायलेज पडतं, आणि पंपावर उतरलं की एक डोळा वर ठेवावा लागतो.

येताना तर गावाहून निघणारा माणूस रिकामा येतच नाही. तांदळाचं पोतं, नारळ, कोकमं, फणस दिला तर फणस, आणि मे महिना असेल तर हापूसच्या पाच डझनी पेट्या. या पेट्या कॅरिअरवर टाकून दिवसभर उन्हातून आणायच्या म्हणजे आंब्याचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. त्या गाडीच्या आतच पाहिजेत, सपाट, एकावर एक, हलणार नाहीत अशा.

नेक्सॉनमध्ये एका मोठ्या टाकीच्या जागी दोन लहान टाक्या आहेत आणि त्या डिकीच्या तळाखाली गेल्यात. वर सपाट फ्लोअर मिळतो, ३२१ लिटर. पेट्रोल नेक्सॉनची ३८२ आहे, म्हणजे थोडी गेली, पण सीएनजीची नेक्सॉन पेट्रोलच्या ब्रेझाच्या जवळपास येऊन बसली हे बघा. आमच्या सामानात सांगायचं तर वॉकर मागच्या सीटला टेकवून उभा, त्याच्यासमोर दोन मध्यम ट्रॉली बॅगा, फटींमध्ये मऊ पिशव्या. किंवा मे महिन्यात येताना तळाला पेट्या आणि वर वॉकर आडवा. मागच्या सीटवर फक्त माणसं. आई आता दार उघडलं की स्वतःच्या वेगाने उतरते, तिच्या मांडीवर किंवा पायाशी काहीही नसतं, आणि वॉकर मी डिकीतून काढून तिच्यापुढे ठेवतो. आमच्या घरात गाडीचा निर्णय इथे झाला, आणि बाकी सगळे मुद्दे यानंतर आले.

तळ थोडा उंच आहे, जड पोतं उचलून ठेवताना कंबरेला कळतं. आणि सीएनजी टाकीचं हायड्रो टेस्टिंग, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणी, दर तीन वर्षांनी करावंच लागतं, नेक्सॉनमध्ये टाक्या दोन, तेव्हा दोन्ही खोलायच्या, दोन्ही तपासायच्या. हे मला मान्य आहे, पण घेणाऱ्याने धरून चालावं.

सर्व्हिसच्या बाबतीत मारुतीच्या जाळ्याला तोड नाही, तालुक्याच्या गावातही वर्कशॉप सापडतं, बाहेरच्या मेकॅनिकलाही ती गाडी पाठ असते, आणि विकायला काढली की फोन लगेच येतात. दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने हा मुद्दा हलका धरू नये. मी गाडी दहा वर्षं ठेवणारा माणूस आहे त्यामुळे रीसेलने मला फारसं हलवलं नाही.

सेफ्टीवर बायको ठाम होती. नेक्सॉनला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे (गाड्या धडकवून सुरक्षा तपासणारी संस्था) पाच स्टार मिळाले, भारतात बनलेली ती पहिली पाच स्टारवाली गाडी, आणि पुढे २०२४ मध्ये भारत एनकॅप या आपल्याकडच्या तशाच चाचणीतही पाच. ब्रेझाच्या आधीच्या पिढीला २०१८ मध्ये चार होते, म्हणजे तीही काही कच्ची नव्हती. दार बंद करतानाचा तो जड आवाज वगैरेंवर मी जात नाही, पण पाच स्टार हे पाच स्टार.

नेक्सॉनचं मला न आवडलेलंही सांगतो. एसीच्या पॅनलवर टेंपरेचर आणि फॅनला खटके आहेत, बाकी सगळं काळ्या चकचकीत टच पट्टीवर. जुलैत घाटात काच आतून धुरकटली की ती साफ करणारा डीफॉगर बोटाने चाचपून लागत नाही, क्षणभर नजर खाली न्यावी लागते, आणि ती पट्टी धूळ आणि बोटांचे ठसे इतके दाखवते की कापड गाडीतच ठेवलंय. ब्रेझातली साधी बटणं या बाबतीत कितीतरी बरी. ब्रेझात बसणंही जरा उंच आणि सरळ, बॉनेटचे कोपरे दिसतात, नवीन शिकणाऱ्याला ती पटकन हातात बसते. बायकोला चालवायला आजही मेहुण्याचीच गाडी सोपी वाटते, ती तसं म्हणते आणि मी वाद घालत नाही.

किमतीबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या, जुने व्हिडिओ बघून तुलना करू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल-सीएनजी इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर १८ टक्के, नाहीतर ४०. नेक्सॉन ११९९ सीसी, म्हणजे ती २९ वरून थेट १८ वर आली. ब्रेझा १४६२ सीसी, लांबीत बसते पण इंजिनात नाही, त्यामुळे ती ४५ वरून ४० वर. त्यामुळे आधी दोघींच्या कोटेशनमध्ये जे अंतर दिसायचं ते आता तसं राहिलेलं नाही, सारख्याच फीचर्सचे व्हेरिएंट घेऊन ऑन-रोड आकडे शेजारी ठेवा. आपल्याकडे महाराष्ट्रात सीएनजीला रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा कमी पडतो, १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि सीएनजीला ७ होता, २०२५ मध्ये तो एक टक्का वाढून ८ झाला, तरी फरक चांगला राहतो.

मग ब्रेझा कोणी घ्यावी? दोघं नवरा-बायको, एखादं लहान मूल, रोजचं रनिंग भरपूर, सामान कधीतरीच, गाव घाटाखाली नाही, आणि गाडी शांत चालली पाहिजे ही पहिली अट, अशांनी खुशाल घ्यावी, मेहुणा याच वर्गातला आहे आणि तो खूष आहे. घरात म्हातारं माणूस असेल, वॉकर, व्हीलचेअर, बाळाची गाडी असं दुमडूनही जागा खाणारं काही कायम बरोबर असेल, किंवा वर्षातून थोड्या वेळा का होईना भरल्या घराने गावी जात असाल, तर मला वाटतं नेक्सॉनकडे आधी बघावं. मारुतीने स्वतः २०२५ मध्ये व्हिक्टोरिस या आपल्या दुसऱ्या गाडीत सीएनजीची टाकी गाडीच्या खाली नेली, तिची डिकी मोकळी आहे, फक्त ती चार मीटरच्या वरची मोठी गाडी. ब्रेझात हीच सोय मिळत असेल तर माझं निम्मं लिखाण बाजूला ठेवा आणि परत दोन्ही गाड्या बघा, म्हणून शोरूमला आधी तेच विचारा.

आणि टेस्ट ड्राइव्हला पेट्रोल गाडी देतात ती घेऊ नका, सीएनजीचीच मागा, नसेल तर दुसऱ्या शोरूमला जा पण तीच चालवा. एसी लावून, माणसं भरून, जवळपास जो चढ असेल त्याच्यावर, सीएनजी मोडमध्ये. जाताना घरातली सगळ्यात अडचणीची वस्तू बरोबर न्या, आमच्यासारखा वॉकर असेल तर वॉकर, आणि ती डिकीत ठेवून झाकण लावून बघा, सेल्समन थांबतो, कोणी नाही म्हणत नाही. गावाच्या रस्त्यावर शेवटचा सीएनजी पंप कुठे आहे तेही निघायच्या आधी बघून ठेवा, कोकणात उतरल्यावर तो हायवेसारखा दर थोड्या अंतराने मिळत नाही.