गोव्यातील लग्न आणि पावतीवरील ते २७

मुलीच्या लग्नाच्या निमित्ताने २०२५ साली आमची ५,७१,००० रुपयांची फसवणूक झाली. हे लिहिताना संतापापेक्षाही लाज अधिक वाटते, कारण मी एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात एकतीस वर्षे काढली असून निवृत्तीपूर्वीची शेवटची सहा वर्षे जीएसटीची विवरणपत्रे माझ्याच हाताखालून जात होती. ज्या पावतीने आम्हाला बुडवले ती जीएसटी क्रमांकाच्या पहिल्या दोन अंकांतच खोटी ठरत होती आणि ते अंक मी वाचले होते.

गोवाच कशाला हवे होते, असे नातेवाइकांनी नंतर पुष्कळ विचारले. व्याह्यांची कुलदेवता गोव्यातील कवळ्याची शांतादुर्गा आहे, त्यामुळे तिथल्याच सासष्टी तालुक्यात समुद्रकिनारी लग्न लावावे आणि दुसऱ्या दिवशी नव्या जोडप्याला घेऊन देवीच्या दर्शनाला जावे, अशी ती कल्पना होती. त्यात केवळ मिरवण्याची हौस नव्हती, एवढे मला माझ्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा धरला होता आणि पाहुणे दोन्हीकडचे मिळून एकशेवीस होते.

मुलीच्या एका मैत्रिणीच्या ओळखीतून पुण्यातलाच एक वेडिंग प्लॅनर घरी आला. बोलणे अत्यंत अदबशीर. पहिल्याच भेटीत 'काका, ताईचे लग्न म्हणजे माझ्या घरचेच कार्य' असे म्हणून माझ्या पत्नीच्या पाया पडला. चाळीस खोल्या, दोन रात्री, प्रत्येक खोलीला रात्रीचे ६,५०० रुपये, म्हणजे ५,२०,००० रुपये असा हिशेब त्याने मांडला. तुम्ही थेट रिसॉर्टकडे गेलात तर हाच दर ९,५०० पडेल, आणि तुम्ही तिथे फोन केलात तर माझा दर इतरांपुढे उघडा होईल, म्हणून कृपया सगळे माझ्यामार्फतच बोला, असेही त्याने हात जोडून सांगितले. ग्राहकाला मालकाशी बोलू न देणारा मध्यस्थ मी नोकरीत असतो तर दारातूनच परत पाठवला असता.

आम्ही डोळे मिटून पैसे दिले, असे मात्र कोणी समजू नये. जूनच्या अखेरीस भर पावसात आम्ही चौघे त्याच्याबरोबर गोव्याला जाऊन खोल्या, हिरवळ आणि स्वयंपाकघर स्वतः पाहून आलो. तिथल्या व्यवस्थापकाने त्याला नावाने हाक मारली, आम्हाला सोलकढी दिली आणि आमच्या तारखांचे दरपत्रकही काढून दिले. गिऱ्हाईक घेऊन येणाऱ्या कोणत्याही प्लॅनरचे तिथे असेच स्वागत होते आणि खोल्या सात दिवस नुसत्या राखून ठेवल्या जातात, हे मला ऑगस्टमध्ये कळले. त्या सात दिवसांत आगाऊ रक्कम भरली नाही तर खोल्या आपोआप सुटतात. त्याने एक पैसाही भरला नाही आणि त्याच दरपत्रकात फेरफार करून आमच्यासाठी 'बुकिंग निश्चित' झाल्याचे पत्र आणि पावती तयार केली.

आम्ही त्याला चार हप्त्यांत पैसे दिले: रिसॉर्ट पाहिले त्याच दिवशी यूपीआयने ५१,०००, जुलैच्या पहिल्या आठवड्यात खोल्यांच्या निम्म्या भाड्याचे २,६०,०००, नंतर मंडप, फुले आणि ध्वनियंत्रणेचे १,८५,००० आणि शेवटी किनाऱ्यावर मंडप घालण्याच्या परवानगीचे ७५,०००. एनईएफटी करताना खातेदाराचे नाव पडद्यावर आले, तेव्हा तिथे रिसॉर्टचे किंवा कोणत्याही संस्थेचे नाव नव्हते, एका महिलेचे होते. 'बहिणीच्या नावाने फर्म आहे, काका,' असे तो म्हणाला. फर्म असेल तर खात्याला फर्मचे नाव असते. किनारा ही रिसॉर्टची मालमत्ता नसते आणि सरकारी परवानगीच्या शुल्काची सरकारी पावती मिळते. ती हातात पडेपर्यंत या कामासाठी कोणाला एक रुपयाही देऊ नका. रात्री एक वाजेपर्यंत उघड्यावर गाणी वाजवू देतो, असे जो सांगेल त्याला ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्री १० ची मर्यादा आहे, याची आठवण करून द्या आणि त्याचा चेहरा पाहा. मी तेवढेही केले नाही.

आता त्या पावतीविषयी. २,६०,००० रुपयांची पावती आली, त्या संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून ती सवयीने वरपासून खालपर्यंत वाचली. रिसॉर्टचे बोधचिन्ह होते, पत्ता गोव्याचा होता आणि जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता. २७ महाराष्ट्राचा आणि ३० गोव्याचा, हे मला झोपेत विचारले असते तरी सांगता आले असते. मुख्य कार्यालय कुठेही असो, गोव्यातील खोल्यांचे बिल गोव्याच्याच नोंदणीवर निघते, हेही मी अनेक कनिष्ठांना शिकवलेले आहे. मी 'हे जरा विचित्र आहे' असे म्हणालोही. तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते." त्याआधीच्या आठवड्यात मी छायाचित्रकाराच्या दरावरून आणि पत्रिकेच्या खर्चावरून दोनदा वाद घातला होता, शिवाय व्याह्यांसमोर आपण चिकट दिसू नये, ही भीतीही मनात होती. मी चष्मा काढून ठेवला. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून नोंदणी कोणाची आहे हे पाहायला एक मिनिट लागते आणि पैसे लागत नाहीत. ऑगस्टमध्ये पाहिले तेव्हा तो नाशिकच्या एका सिमेंट विक्रेत्याचा निघाला.

ऑगस्टमध्ये माझे साडू कामानिमित्त मडगावला गेले होते. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून तळमजल्यावरची खोली मिळेल का, एवढेच विचारायला ते रिसॉर्टमध्ये डोकावले, तर आमच्या तारखांना संपूर्ण रिसॉर्ट दुसऱ्याच एका कुटुंबाने घेतलेले होते आणि आमचे नाव कुठल्याच नोंदीत नव्हते.

त्याच रात्री सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे जाऊन दीड महिना झाला होता, त्यामुळे खात्यात उरलेले १२,६४० रुपये तेवढे गोठवले गेले आणि तेही न्यायालयाचा आदेश आणल्याशिवाय मिळणार नाहीत, असे उत्तर आले. बँकेने सांगितले की लाभार्थी तुम्हीच जोडला, ओटीपी तुम्हीच टाकला, मग आम्ही काय करणार. आमच्या भागातील पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा गणपतीचा बंदोबस्त चालू होता, म्हणून विसर्जनानंतर यायला सांगण्यात आले. विसर्जनानंतर गेलो तर घटना गोव्यातील असल्याने तिकडे जा, असे सांगितले; गोव्यात फोन केला तर पैसे पुण्यातून दिलेत, तक्रार पुण्यातच करा, असे ऐकायला मिळाले. तिसऱ्या खेपेला ही दिवाणी स्वरूपाची बाब असल्याचे समजले. चौथ्या खेपेला एका अधिकाऱ्याने त्या माणसाला आमच्यासमोर फोन लावला, तो 'आठ दिवसांत देतो' म्हणाला आणि अधिकारी समाधानाने मला म्हणाले, "तो देतो म्हणतोय ना? शिवाय लग्नाला अजून दोन महिने आहेत, कदाचित बुकिंग करेलही. लग्नाची तारीख उलटली की या." मुलीचे लग्न मोडकळीस येईपर्यंत गुन्हा पूर्ण होत नाही, हे कायद्याचे ज्ञान मला एकसष्टाव्या वर्षी मिळाले.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे वाक्य पाठ करून जा. नुसता 'चौकशी अर्ज' घेतात, त्याची शिक्का मारलेली पोच मागितल्याशिवाय उठू नका. मी शेवटी वरिष्ठांना स्पीड पोस्टाने लेखी तक्रार पाठवली, तेव्हा डिसेंबरात गुन्हा नोंदला गेला. ग्राहक आयोगात दावा आपल्या राहत्या जिल्ह्यात लावता येतो आणि आमच्या रकमेसाठी त्याचे शुल्क २०० रुपये आहे. तो लावला आहे, तारखा पडत आहेत.

लग्न ठरलेल्या तारखेला चिंचवडच्या एका कार्यालयात, मिळाली त्या सकाळच्या वेळेत लागले. व्याह्यांनी एका शब्दानेही टोचले नाही, आणि तेच मला अधिक लागले.

त्या माणसाचे इन्स्टाग्रामचे पान अजून चालू आहे. त्यावर जूनमधल्या पावसात रिसॉर्टच्या हिरवळीवर छत्री धरून उभे असलेले मी आणि माझी पत्नी आहोत, आणि खाली 'आमचे समाधानी कुटुंब' असे लिहिले आहे. गेल्या आठवड्यात त्या छायाचित्राखाली एका बाईंनी फेब्रुवारीच्या तारखांचा दर विचारला होता. मी त्यांना सावध करायला दोन ओळी लिहिल्या; अर्ध्या तासात त्या पुसल्या गेल्या आणि मला ते पान दिसेनासे झाले.