आठ फुटी देशी माशांच्या टाकीची मंथली सर्व्हिस, दीड वर्ष वापरून लिहितेय

आधीच सांगते, सर्व्हिसवाल्याचं नाव यात नाहीये. त्यानेच सांगितलंय, "ताई, आहेत ती कामंच आवरत नाहीत, अजून फोन नकोत." आणि त्याच्या आधी जी कंपनी होती तिचंही नाव देत नाही, कारण आमच्या खजिनदार काकांची त्यांच्याशी अजून पत्रापत्री चालू आहे. तरी लिहितेय कारण पुण्यात मोठ्या टाक्या ठेवलेल्या शाळा, दवाखाने, सोसायट्या ढीगभर आहेत आणि बऱ्याच ठिकाणी तोच प्रकार बघितलाय, मुलं येतात, काच पुसतात, सही घेतात, जातात.

आमची टाकी एका सार्वजनिक वाचनालयाच्या खालच्या हॉलमध्ये आहे, कोणीही येऊन बघू शकतं. ८ फूट लांब, अडीच रुंद, अडीच उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर १४०० लिटर, नुसतं पाणीच १४०० किलो, म्हणून तळमजला. देणगीदारांना त्यात परदेशी अरोवाना मासा हवा होता (हॉलचं वास्तू सुधारतं म्हणे), पण बालविभागाच्या आम्ही दोघी-तिघी अडून बसलो की टाकी होईल तर आपल्या नद्यांच्या माशांची. त्यामुळे आत मळ्या, दांडवण, टिक्टो, आरपार दिसणारे ग्लासफिश, एक वाम, आणि एक महाशीर ज्याच्याबद्दल शेवटी बोलते. मुठेवरच्या लकडी पुलावरून खाली वाकून बघितलं तर यातलं काही दिसायची आशा नाही, वर धरणांच्या पलीकडे ओढ्यांत दिसतात. पोरं हमखास विचारतात, हे मासे मुठेत आहेत का, आणि दर वेळी माझं उत्तर "होते... म्हणजे आहेत, पण वरती" असं अडखळतं.

आता आधीची कंपनी. महिन्याला ७००० रुपये, युनिफॉर्म, छापील बिल, सगळं टापटीप. टाकी अशी चकाचक की आरशासारखी. पहिल्याच महिन्यात त्यांनी काच साफ राहावी म्हणून सकर सोडला, तो काळा खडबडीत, तोंडाने काचेला चिकटणारा. दक्षिण अमेरिकेतला मासा, देशी माशांच्या टाकीत! मी विचारलं तर म्हणे सगळेच टाकतात. अहो, शेजारी मळ्या बसलाय, तोही खालच्या ओठाच्या चकतीने दगडाला चिकटून शेवाळं खरवडतो, वाहत्या ओढ्यात राहायचं म्हणून त्याची रचनाच तशी आहे, तेच काम तो फुकटात करतोय. असो.

खरा घोळ मे महिन्यात झाला. वार्षिक डीप क्लीनिंग म्हणून त्यांची दोन मुलं आली, सगळं पाणी काढलं, वाळू धुतली, फिल्टरमधले स्पंज आणि सिरॅमिक रिंगा मागच्या नळाखाली पांढऱ्याशुभ्र होईस्तोवर धुतल्या, आणि त्या दिवशी नळाला पाणी कमी म्हणून टँकर मागवून टाकी भरली. संध्याकाळी टाकी इतकी सुंदर दिसत होती की अध्यक्षांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे वरती, पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकतायत. आठवड्यात ३१ मासे गेले. मोजले कारण मीच उचलले. कंपनीचं म्हणणं, उन्हाळ्यात होतं असं.

नवीन दादाला कोणीतरी सुचवलं म्हणून बोलावलं. तो आला स्कूटरवरून, एक बादली आणि एक पिशवी घेऊन, आणि पहिला अर्धा तास त्याने टाकीला हातच लावला नाही. स्टूल ओढून बसला आणि बघत राहिला. मग पिशवीतून पाणी तपासायचं एपीआय कंपनीचं मास्टर किट काढलं, काचेच्या नळ्यांत पाणी घेतलं, थेंब टाकले, पाच मिनिटं थांबला, आणि नळी पांढऱ्या कार्डासमोर धरून मला दाखवली. अमोनियाची नळी पिवळी हवी, आमची गर्द हिरवी. मग त्याने जे सांगितलं ते मला दोन वर्षं कोणी सांगितलं नव्हतं: मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, तो विषारी, फिल्टरमध्ये वस्ती करून राहिलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग नायट्रेट, जे बऱ्यापैकी सोसतं. ही वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात आणि ती राहते त्याच मळक्या स्पंजात आणि रिंगांत, जे त्या मुलांनी क्लोरीनच्या पाण्याखाली घासून काढलं. वर टँकरचं बोअरचं जड पाणी. आमच्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं, ते त्यामानाने मऊ, टँकरच्या पाण्याचा पीएच त्याने मोजला तर जवळपास एकाने जास्त, आणि पीएच एकाने चढला की तेवढाच अमोनिया साधारण दहापट घातक होतो. म्हणजे माशांना उन्हाने नाही मारलं. सफाईने मारलं.

"काच शेवटी पुसू," म्हणाला. ती त्याने सव्वा महिना पुसली नाही.

आता त्याची सर्व्हिस कशी चालते ते सांगते. महिन्याला ४५००, आठवड्यातून एक फेरी. दर फेरीला साधारण पाव टाकी पाणी, म्हणजे साडेतीनशे लिटर, काढतो आणि तेवढंच भरतो, पण भरायचं पाणी आदल्या दिवशी गच्चीवरच्या सिंटेक्समध्ये साठवलेलं आणि हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाकून त्यातला क्लोरीन घालवलेलं. फिल्टरचे चार स्पंज आहेत, त्यातला एका वेळी एकच काढायचा, आणि तोही नळाखाली नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत. मी शेजारी उभी राहून बघितलंय, दोन-तीनदा हलक्या हाताने दाबतो, पाणी टपरीवरच्या उकळून उकळून काळपट झालेल्या चहासारखं होतं, आणि स्पंज अजून तपकिरी असतानाच परत लावतो. मी म्हटलं, अजून घाण आहे की यात. म्हणाला, "ती घाण नाही, ती माणसं आहेत माझी." (हे बादलीत हात घालून, गंभीर चेहऱ्याने.)

सगळं एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवतो: तारीख, पाण्याचं तापमान, पीएच, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, कोण मेलं, कोण नवीन आलं. वही वाचनालयातच राहते, हे मला फार आवडलं, उद्या त्याने काम सोडलं तरी टाकीचा इतिहास आपल्याकडे. नायट्रेटची टेस्ट आता मीच करते, त्यात एक गोम आहे, दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवावी लागते, तळाशी बसलेलं मिसळलं नाही तर आकडा खोटाच कमी येतो. पहिल्यांदा मी नुसती कलंडवली आणि "शून्य, शून्य" करत खूश झाले, दादाने बघितलं आणि परत हलवायला लावली, आकडा ४०.

मागची काच तो मुद्दाम हिरवी ठेवतो. यावरून कमिटीत वाद झाला, "पैसे देऊन शेवाळं पोसायचं का?" असं एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. पण मळ्या दिवसभर त्या काचेवर असतात, पोटाच्या बाजूने चकती दिसते, खरवडत पुढे सरकतात आणि मागे पट्टा साफ होत जातो, लॉन कापल्यासारखा. पोरं पुस्तकं सोडून तिथे बसतात. १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली तेव्हा नावं ठेवताना इथल्या लोकांच्या तोंडचीच उचलली होती, त्यामुळे मळ्याचं शास्त्रीय नाव आजही गारा मुल्या आहे. हे पाटीवर लिहिल्यापासून मोठी माणसंही थांबतात. आणि तो सकर? दादा स्वतःच्या टाकीत घेऊन गेला. नदीत सोडायचा नाही हे त्याने मला तीनदा बजावलं, बाहेरचे मासे असेच सोडून सोडून नद्यांत चिलापी (तिलापिया) माजलीये.

वामचा किस्सा सांगायलाच हवा. वाम दिवसा वाळूत गडप, फक्त नाकाचं टोक वर, लोक विचारतात टाकीत वाम कुठाय, आम्ही म्हणतो शोधा. झाकणाला मागे वायरीसाठी एक भोक होतं, आधीच्या कंपनीने पाडलेलं, दादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हे बुजवा, आम्ही म्हटलं बघू. एका सकाळी मावशी केर काढायला आल्या तर वर्तमानपत्रांच्या स्टँडखाली लांबडं काहीतरी वळवळतंय. साप समजून झाडू उगारला होता. तेवढ्यात त्यांना टोकदार नाक दिसलं आणि त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून मला फोन केला. वाचला. धुळीने माखलेला, पण वाचला. भोकात त्या दिवशी स्पंज कोंबला.

उन्हाळ्यात मात्र या माणसाची किंमत कळली. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशाला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, तर ३० ला साडेसातच्या आसपास, आणि हे ओढ्यातले मासे, भरपूर ऑक्सिजनला सोकावलेले. आमचं पाणी ३२ ला गेलं होतं. मला वाटलं आता चिलरचं कोटेशन येणार, लाखभराचं तरी. त्याने अर्धं झाकण काढून जाळी लावली, दोन टेबलफॅन पाण्याच्या अंगावरून वाहतील असे बांधले, दुपारचे लाइट बंद केले, आणि पाण्याची पातळी चार बोटं उतरवली म्हणजे पंपाचं पाणी वरून धबधब्यासारखं पडेल. तीन अंश उतरलं. पुण्याची हवा मेमध्ये कोरडी म्हणून हे चालतं, मुंबईच्या दमट हवेत एवढा फरक पडायचा नाही असं तोच म्हणाला. पाणी उडतं भरपूर, रोज एक बादली वर टाकावी लागते, ते आमच्या शिपायाचं काम. लाइट गेली तर बॅटरीवरचा एअरपंप आपोआप सुरू होतो, तो तीन हजारांत बसवला. मोठा पंप १०० वॉटचा आहे आणि चोवीस तास चालतो, महिन्याला ७२ युनिट फक्त त्याचीच, बजेट करताना हे धरा, आम्ही धरलं नव्हतं.

जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर तो अवेळी, वार नसताना आला आणि गच्चीवरचं गार पाणी हळूहळू सोडायला लागला. दहा मिनिटांत सगळे दांडवण आणि मळ्या पाणी पडतं त्या कोपऱ्यात, तोंडं एकाच दिशेला, प्रवाहावर चढायला बघतायत. वलगण! म्हणजे पहिल्या पावसात मासे प्रवाहावर वर चढतात ते. माझे आजोबा भातखाचरात वलगणीचे मासे पकडायचे त्या गोष्टी मी ऐकल्यात, पण काचेमागे, सिंटेक्सच्या पाण्यावर, एका हॉलमध्ये तेच चाललेलं बघून मला काही सुचेना. ते त्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये नव्हतं, त्याचे पैसेही त्याने लावले नाहीत.

गणपतीत समोरून ढोलपथकं जातात तेव्हा टाकीचं पाणी अक्षरशः थरथरतं आणि दांडवण घाबरून उड्या मारतात. त्यावर उपाय, दहा दिवस संध्याकाळी लाइट मंद आणि तिन्ही बाजूंनी जाड पडदा. आणि लोकांचं खायला घालणं. चुरमुरे, बिस्किटं, एकदा प्रसादाचा मोदक. त्यावर खजिनदार काकांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: "मासे जेवले आहेत. आपण जेवला नसाल तर चौकात खानावळ आहे." तेव्हापासून नायट्रेट खरोखर खाली आलंय, वहीत दिसतं.

आता तक्रारी, कारण आहेत. नऊ म्हणजे अकरा, कधी साडेअकरा. फोन उचलत नाही, मेसेजला रात्री बाराला अंगठा पाठवतो. पक्कं बिल देत नाही, दर ऑडिटला काकांचं डोकं फिरतं, शेवटी ते त्याची व्हाउचरवर सही घेतात. एकटा माणूस, बदली नाही, दिवाळीत गावाला बारा दिवस गेला तेव्हा मीच जीव मुठीत धरून टाकी सांभाळली. आणि नवीन मासे आणायला भयंकर वेळ लावतो, महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवल्याशिवाय आत सोडतच नाही. यावर मी एकदा वैतागले होते, उद्घाटनाचा कार्यक्रम होता आणि टाकी अर्धी रिकामी, पण त्या वेगळ्या टाकीतच माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा आजार झाला आणि तिथेच आटोपलं तेव्हा गप्प बसले.

घरची दोन फुटी टाकी असेल तर असा माणूस शोधायची गरज नाही, एक टेस्ट किट घ्या आणि स्पंज नळाखाली धुऊ नका, झालं. मोठी सार्वजनिक टाकी असेल तर येणाऱ्याला पहिला प्रश्न एवढाच विचारा की फिल्टर कशात धुता. नळाखाली म्हणाला तर चहा पाजून पाठवून द्या.

५ पैकी ४. एक स्टार वेळेचा आणि बिलाचा कापला.

राहिला महाशीर. एका सभासदाने चार इंचाचा आणून दिला होता, आता नऊ इंच आहे आणि वळताना त्याची शेपटी काचेला लागते. नदीत हातभर सहज होतो. दादा म्हणतो ही टाकी त्याच्यासाठी लिफ्ट आहे, लिफ्टमध्ये कोणी संसार करत नाही. सभासदाचं म्हणणं, वाजतगाजत इंद्रायणीत सोडू, देहूला महाशीर आहेतच, पुण्यही लागेल. दादा त्यालाही तयार नाही, टाकीतला आजार नदीत जाईल म्हणतो, आणि शिवाय लोणावळ्याच्या हॅचरीतले हेच महाशीर कावेरीत सोडले तेव्हा तिथला मूळचा मोठा कुबडाचा महाशीर मागे पडून आज नामशेष व्हायच्या काठावर आहे, हे त्याने मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, तेही वेळेवर येऊन. कुठल्यातरी मोठ्या तळ्यात जागा बघतोय. रविवारी परत मीटिंग आहे.