२०२४ आठवायचं तर : दिवाळी अंक की वाहिनीवरचा आढावा?

३१ डिसेंबरचा टीव्हीवरचा आढावा अर्ध्या तासात सगळं दाखवतो : ४ जूनचा लोकसभा निकाल, ४ जुलैला विश्वविजेत्या क्रिकेट संघासाठी मरीन ड्राइव्हवर लोटलेला जनसागर, २३ नोव्हेंबरला महायुतीचा विजय, डिसेंबरात गेलेले झाकीर हुसेन. दृश्यं पाहून अंगावर काटा येतो. पण १३ मे रोजी घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, त्याला जेमतेम काही सेकंद मिळतात. मला ते सहन होत नाही.

दिवाळी अंकाची अडचण उघड आहे. दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मतदान २० तारखेला. विधानसभेचा निकाल अंकात येणं शक्यच नव्हतं. ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तोवर अंकांची पानं लागत आलेली असतात.

तरी १९०९च्या ‘मनोरंजन’ मासिकाच्या दिवाळी अंकापासूनची ही रीत मला जवळची वाटते. लेखकाला विचार करायला महिने मिळतात, आणि आपल्यालाही. दादरच्या वाचनालयातून आणलेला अंक घरात हातोहात फिरतो. लोकसभेवरचा लेख आम्ही २३ नोव्हेंबरनंतर पुन्हा काढून वाचला. लेखकाचा कोणता अंदाज टिकला, यावर बाबांशी तासभर वाद झाला.