वाऱ्याच्या अंदाजाचं अ‍ॅप, पैसे भरून: एप्रिल ते ऑगस्टचा अनुभव

मी सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये विंडसर्फिंग करते, बहुतेक वेळा कायोटी पॉइंटला. अ‍ॅप घेतलं ते तासातासाच्या नॉटच्या (वाऱ्याच्या वेगाच्या) आकड्यांसाठी. आता ते आकडे मी सगळ्यात शेवटी बघते.

अ‍ॅप उघडलं की आधी जीएफएस हे हवामानाचं संगणकी मॉडेल दिसतं. या जागतिक मॉडेलची जाळी, म्हणजे अंदाजाच्या दोन बिंदूंमधलं अंतर, साधारण १३ किमीची, आणि गोल्डन गेटची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम दीड-पावणेदोन किमी. वारा ज्या फटीतून आत घुसतो ती फटच मॉडेलला दिसत नाही. कायोटी पॉइंटला तर वारा येतो सॅन ब्रुनोजवळच्या खिंडीतून. सेटिंगमध्ये जाऊन एचआरआरआर हे जास्त बारीक मॉडेल निवडा: ३ किमीची जाळी, दर तासाला नवा अंदाज. हे आधीच पुढे का ठेवलं नाही, देव जाणे.

पैसे वसूल झाले ते हवेच्या दाबाच्या आलेखामुळे. शाळेत शिकलो तेच खारे वारे, इथे जरा तालेवार. किनाऱ्याशी खोलातलं थंड पाणी वर येत असतं, ऐन उन्हाळ्यातही १२-१३ अंश. आत सॅक्रामेंटोकडे पारा ३८च्या पुढे. तिकडे दाब उतरला की समुद्रावरची गार, जड हवा आत ओढली जाते. सॅन फ्रान्सिस्को आणि सॅक्रामेंटोच्या दाबात सकाळीच तीनेक मिलिबारचा फरक दिसला, तर मी दुपारच्या मीटिंगा पुढे ढकलते.

आत जितकं तापेल तितका वारा जोरात, असं मात्र धरून चालू नका. उष्णतेची लाट किनाऱ्यापर्यंत आली आणि वारा जमिनीकडून सुटला, की दाबातला फरकच उरत नाही. शहरात घाम फुटतो आणि शीड गाडीतच राहतं. दक्षिणेकडून धुकं किनाऱ्याने वर सरकत असेल तरीही तेच. हे उपग्रहाच्या चित्रात आदल्या संध्याकाळपासून कळू लागतं, तरी अ‍ॅपमधले हिरवे-पिवळे रंग खुशाल वारा दाखवत असतात. समुद्रातल्या ४६०२६ क्रमांकाच्या बॉयाची (हवामान मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राची) नोंद शेजारीच मिळते, ही सोय झकास.

अलर्ट बंद करून टाकले. ते येईपर्यंत लोक पाण्यात असतात.

वर्गणी वर्षाची आहे, महिन्याची मिळत नाही. हिवाळ्यात इथला वारा वादळांबरोबर येतो आणि तेवढ्यासाठी फुकटातलं जीएफएस पुरतं, म्हणजे निम्मं वर्ष पैसे नुसतेच जातात.