बुबुळातली बुरशी: थेंब की प्रकाश?

मुरबाडला भातकापणीत मामाच्या डोळ्याला पातं लागलं. ठाण्यात आणेपर्यंत बुबुळावर पांढरा ठिपका. खरवडून तपासलं, बुरशी निघाली. घरात लगेच दोन पक्ष पडले: मामी थेंबांची, मी प्रकाशाच्या उपचाराचा.

नाटामायसिन या बुरशीनाशकाचे 5 टक्क्यांचे थेंब म्हणजे चिकाटीचं काम. सुरुवातीला तासातासाला, रात्रीसुद्धा, आणि मग कित्येक आठवडे. औषध बुबुळात खोलवर झिरपत नाही, ही त्याची खरी उणीव.

क्रॉसलिंकिंग, म्हणजे माझा प्रकाशाचा उपचार, ऐकायला झकास. बी-2 जीवनसत्त्वाचे थेंब घालून 365 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकतात. त्यातून तयार होणारा क्रियाशील ऑक्सिजन जंतूंना मारतो. शिवाय कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट गुंततात, म्हणून बुबुळ सहज विरघळत नाही. मूळ उपचार मात्र केराटोकोनसचा, म्हणजे बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी 2003 मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. प्रकाशाचा जोर वरच्या थरांतच असतो. बुबुळ पातळ असेल तर आतल्या पेशींना धोका, आणि नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिसचा संसर्ग असेल तर तो उफाळू शकतो.

माझा पक्ष हरला तो तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयातल्या चाचणीमुळे. 2020 मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांत, बुरशीच्या जखमेवर थेंबांना क्रॉसलिंकिंगची जोड देऊन फायदा दिसला नाही. उलट नजर थोडी कमीच भरली. वरवरच्या जिवाणू संसर्गात त्याला वाव असेलही. मामाला नाही.

मामीने मोबाइलवर चोवीस गजर लावलेत.