स्लाविया विरुद्ध मामाची 1965 ची एमजीबी

स्लाविया म्हणजे स्कोडाची सेडान, ती माझी, 1.5 टीएसआय डीएसजी (टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक), ठाण्यात कासारवडवली ते ऐरोली रोजचं जाणंयेणं. एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश टू-सीटर, टप उघडणारी स्पोर्ट्स कार, ती मामाची, नेरूळला पार्किंगमध्ये कव्हर घालून झोपलेली असते. मागच्या रविवारी पहाटे मामाचा मूड चांगला होता, चावी दिली, म्हणाला पाम बीच रोडवर वाशीपर्यंत जा आणि ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत परत ये.

कागदावर तर मॅचच नाही राव. एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे), ताकद साधारण 95 हॉर्सपॉवर. आणि माझी घरातली गाडी, जिच्या 521 लिटरच्या डिकीत आईची गव्हाची गोणी आणि पोराची सायकल एकदम जाते, तिला 150. म्हणजे सिग्नलवरून सेडान स्पोर्ट्स कारला आरामात मागे टाकेल, पण हे मामासमोर बोलायचं नाही.

पण बसलात की हिशोबच बदलतो. सीट इतकी खाली की शेजारच्या रिक्षाचं चाक कानाशी येतं, टप उघडा, काटा 60 वर आणि वाटतं 120 ने चाललोय, तेच स्लाविया एक्सप्रेसवेवर 100 ला असते तेव्हा बायको गाढ झोपलेली असते. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद पडायला मदत करणारी सोय) नाही त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की असा कर्रर्र आवाज येतो की आपल्यालाच लाज वाटते. बॅटऱ्या दोन, सहा-सहा व्होल्टच्या, त्याही सीटच्या मागे!! डीपीएस तलावापाशी फ्लेमिंगोंचे फोटो काढायला आलेल्या लोकांनी कॅमेरे आमच्याकडे वळवले, स्लावियाकडे आजवर फक्त टोइंगवाल्याने निरखून बघितलंय.

घोडबंदर रोडला मात्र एमजीबी नेणं म्हणजे वेडेपणा. स्लावियाचा ग्राउंड क्लिअरन्स 179 मिमी आहे तरी गायमुखच्या खड्ड्यांत मी श्वास रोखतो, मामा तर सोसायटीचा स्पीडब्रेकरसुद्धा तिरका घेतो. रोजच्यासाठी सहा एअरबॅगवाली सेडानच, त्यात वादच नको, आईला त्या एमजीबीत बसवायचं तर उतरवायला दोन माणसं लागतील.

परत आलो तर वॉचमन म्हणाला, साहेब ही एमजी म्हणजे हेक्टरवालीच ना? मामाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. इंजिनखाली ऑइलसाठी पुठ्ठा सरकवला आणि मला विचारलं, पहिला किती वेळा ओरडला?

एकदाच, म्हटलं. खोटं बोललो.